मायनी हयद

बमरोली, सुरत
८ ऑगस्ट १९७३

चि. धुडकू यास,

सोमवार, ६ ऑगस्ट, सकाळी सव्वानऊ वाजता तुमच्या मिलच्या मागच्या नळातून खाडीत पिवळं पाणी सोडलं गेलं. वेळ नक्की आहे. मी दारात उभी राहून घड्याळाला किल्ली देत होते आणि कानबाईची मिरवणूक नुकतीच माझ्यासमोरून खाली उतरली होती.

तुला कानबाई समजावून सांगायला नको, पण आता तू 'डी. यू. महाजन' अशी सही करतोस, म्हणून आठवण देते. रविवारी नारळाला नथ-डोळे लावून देवी बसवतात, भाऊबंद एकत्र बसून रोट खातात, आणि सोमवारी सकाळी बायका तिचा पाट डोक्यावर घेऊन पाण्यावर जातात. गावी त्यासाठी तापी असते, पांझरा असते. इथे बस्तीला तुमच्या मिलमागची खाडीच आहे. नारळाला बुडी द्यायला बायका गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि पाणी पायांपासून पिवळं होत गेलं. कुणीतरी ओरडलं, "देखा, मायनी हयद!" आईची हळद. एवढी अहिराणी तू विसरला नसशील. देवीने अंगाची हळद पाण्यात धुतली असं सगळ्यांनी मानलं. मग लोटे बुडाले. डोळ्यांना लावलं, लेकरांच्या कपाळाला लावलं, घोटघोट प्याल्या. पहिलं तीर्थ कुमारिकेला द्यायचं असतं. ते तुमच्या रंगखात्यातल्या उखाच्या थोरल्या मुलीला दिलं. कोकिळा तिचं नाव, आठेक वर्षांची आहे, माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी वाचायला येते. तिने लोटा पूर्ण रिकामा केला.

सोमवार दुपारपासून तिला उलट्या होताहेत. ओठांची सालं निघाली आहेत. काल इस्पितळात नेली. डॉक्टर विचारतात, मुलगी काय प्यायली? मी चाळीस वर्षं रेल्वेच्या इस्पितळात काढली, शेवटची अकरा मेट्रन म्हणून. मी त्यांना काय सांगू, हळद?

रंगखात्याचा मॅनेजर तू आहेस. टाकीत काय होतं ते लिही. मी काल गेटवर आले होते. तुझा गुरखा म्हणाला, साहेब बाहेर आहेत. साहेबांची चप्पल केबिनच्या दाराशी होती. पोस्टमनला तो अडवू शकणार नाही म्हणून पत्र.

तुझी
प्रभामावशी

*

अठवा लाइन्स, सुरत
१३ ऑगस्ट १९७३

ती. प्रभामावशी यांस सा. नमस्कार.

आपले पत्र उशिरा हाती आले, मी मुंबईस गेलो होतो. चौकशी केली. वरच्या अंगाला पाऊस झाला की खाडीला मातीचा रंग येतो, हे आपणही अनेक वर्षे पाहिले आहे. त्या दिवशी आमच्याकडून काही सोडल्याची नोंद नाही. सणाला मुले रिकाम्या पोटी पुरण, खीर, रोट असे जड खातात. त्यात असे होते.

आईही त्या मिरवणुकीत होती. तिने बाटली भरून पाणी घरी आणले आहे आणि देवघरात ठेवून रोज चमचाभर घेते. तिला काही झालेले नाही. तुमची आठवण काढते. म्हणते, प्रभा आता देव मानत नसली तरी तिच्या हाताला देव आहे.

मूल आता बरे असेलच. सोबत फळांची टोपली पाठवत आहे.

आपला
डी. यू. महाजन

*

बमरोली
१७ ऑगस्ट १९७३

धुडकू,

कोकिळा मंगळवारी गेली. टोपली बुधवारी आली. ती मी गाईला घातली. गाईचा काय दोष म्हणून सफरचंदं तेवढी आधी धुतली.

लघवी बंद झाली होती. मूत्रपिंडं गेली. पुरण खाऊन असं होत नाही. तुमच्या रंगाला कापडावर पक्कं बसवणारं जो खार असतो, त्याने होतं. मला हे डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगता आलं असतं तर काही करता आलं असतं की नाही, ते मला ठाऊक नाही. तुलाही ठाऊक नाही. आता हे न ठाऊक असणं आपण दोघांनी वाटून घ्यायचं आहे.

आणि मातीबद्दल. सोमवारी पाण्यावरून येताना ती पोर माझ्या दाराशी थांबली, "मावशी, देखा" म्हणाली आणि ओला पंजा माझ्या पांढऱ्या भिंतीवर, चौकटीशेजारी, ठेवून पळाली. पाच बोटं अजून तशीच आहेत. साबण झाला, सोडा झाला. मातीचा डाग एवढा निष्ठावान नसतो.

मी शोभाबाईला, तिच्या आईला, सगळं सांगितलं. समोर बसवून, हात धरून. ती रडली नाही. म्हणाली, "मन्ही पोरले कानबाई लई गयी. पहिलं तीर्थ लिधं ना तिनी." मी म्हटलं, अगं, ते विष होतं. तर ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मीच तिच्या मुलीचा दुसऱ्यांदा जीव घेते आहे. "मावशी, तुम्ही देव सोडी दिधात. तुमले काय समजस?"

ही माझी अडचण आहे, धुडकू. आम्ही बुद्धाच्या वाटेला लागलो, तेव्हा तुझ्या आईने माझ्याशी महिनाभर अबोला धरला आणि मग एक दिवस भाकरी घेऊन आली. तशी बस्तीही मला मानते. सुई टोचायला मी चालते. पण देवीच्या गोष्टीत माझ्या शब्दाची किंमत शून्य आहे. तुझ्या शब्दाची आहे. तू त्यांचा, रोट खाणारा, मिलमधला साहेब. तू एकदा बस्तीत येऊन सांग.

त्याआधी आईची बाटली मोरीत ओत.

प्रभामावशी

*

अठवा लाइन्स
२९ नोव्हेंबर १९७३

ती. मावशी यांस,

मुलीचे ऐकून वाईट वाटले. उखाला पंधरा दिवसांची भरपगारी रजा दिली.

एक चांगली बातमी. शेठनी खाडीच्या काठावर कानबाईसाठी ओटा आणि वर पत्र्याची शेड बांधून द्यायचे ठरवले आहे. बस्तीतले पाचजण भेटायला आले होते. खाडीच्या पाण्याची तक्रार आणि म्युनिसिपालिटीकडे केलेला नळाचा अर्ज, दोन्ही मागे घेतो म्हणाले. देवीच्या पाण्याला घाण कसे म्हणायचे, असे त्यांचे म्हणणे. शेठ म्हणाले, "माताजी पधार्यां छे, एमां आपणे शुं करीए?" तेव्हा आपणही आरोग्य खात्याला जे पत्र पाठवले आहे त्याचा पुन्हा विचार करावा. बस्ती आनंदात असताना आपण एकट्यानेच तक्रार करणे बरे दिसत नाही.

आईच्या तोंडात मधे फोड आले होते. तिच्या नकळत मी बाटली ओतून टाकली आणि आमच्या नळाचे पाणी भरून स्वयंपाकघरातली चिमूटभर हळद घातली. आता फोड नाहीत. आई म्हणते, तीर्थ मुरून गोड झाले. पाण्यात घातक काही होते असे मी म्हणत नाही. नव्हते असेही म्हणत नाही.

आपला
डी. यू. महाजन

*

बमरोली
१२ जानेवारी १९७४

धुडकू,

"म्हणत नाही" आणि "नव्हते असेही म्हणत नाही". आमच्या भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये एक आयरिश सिस्टर होत्या. असं वाक्य कुणी लिहिलं की त्या विचारायच्या, बाळ, तू दारात उभी आहेस, आत येतेस की बाहेर जातेस? माती होती तर बाटली का ओतलीस? हे उत्तर मला नको, ते मला मिळालं आहे.

इथलं ऐक. दिवाळीला मी ओटीची भिंत चुन्याने रंगवली. चार दिवस भिंत पांढरी राहिली. पाचव्या दिवशी सकाळी पंजा वर आला. आधी अंगठा, मग बाकीची बोटं. पुन्हा चुना दिला, पुन्हा आला. आता येता-जाता बायका त्याला हात जोडतात. परवा कुणीतरी कुंकू लावून गेलं. ज्या भिंतीवर आत बाबासाहेबांची तसबीर आहे तिच्याच बाहेरच्या अंगाला माझ्या घराचं देऊळ झालं आहे, आणि मला ते पुसवत नाही.

शोभाबाई रोज दुपारी येते. पंजावर आपला तळहात ठेवते आणि उभी राहते. मागच्या आठवड्यात म्हणाली, "मावशी, हात मोठा व्हई राहिना. नववं लागनं ना तिले." मी हसून घालवणार होते. ती गेल्यावर पाहिलं. मोठा झाला आहे. ओलीत चुना रंग ओढतो, डाग कडेने पसरतो, हे मला कळतं. शाळेत शाईच्या डागाचं असंच व्हायचं. कळतं, तरी हल्ली कडी लावताना मी त्या बाजूला पाठ करत नाही.

खाडीला बेडूक ओरडले नाहीत या वर्षी. बगळे येतात, चोची मारतात आणि निघून जातात. त्यांच्या पोटऱ्या पिवळ्या झाल्या आहेत. बस्तीत त्यालाही देवीची खूण म्हणतात.

आणि उखा. तो खाडीकडे तोंड करून बसत नाही. मनगटापर्यंत हात पिवळे आहेत. शोभाबाई त्या हातांचं वाढलेलं खाते, आणि तो तिच्या हाताकडे बघत नाही. रविवारी माझ्या पायरीवर येऊन बसला. विडी नुसती फिरवत राहिला आणि म्हणाला, "मावशी, चाक फिरवणाऱ्याला पाप लागतं, का फिरव म्हणणाऱ्याला?" मी विचारलं, कसलं चाक रे? उठून गेला. त्याला मी विचारणार नाही, तो मोडेल. तुला विचारते. त्या दिवशी टाकीच्या नळाचं चाक फिरव असं कोण म्हणालं?

लवकर सांग, कारण आता नुसती गेलेल्या मुलीची गोष्ट राहिली नाही. त्यांची धाकटी यमुना, साडेचार वर्षांची, शोभाबाईने तिचा नवस बोलला आहे. येत्या कानबाईला पहिलं तीर्थ यमुनेला. म्हणजे तिला तिची ताई दिसेल.

प्रभामावशी

*

८ जुलै १९७४

मावशी,

सहा महिने उत्तर दिले नाही. लिहायला बसत होतो, फाडत होतो. हे पत्र वाचून जाळून टाका.

तपासणीचे साहेब त्या सोमवारी अकराला येणार होते. टाकी रोज थोडी थोडी, भरतीच्या वेळेला सोडायची अशी आमची रीत आहे. पण आठवडाभर साठली होती. शेठनी सांगितले, दहापर्यंत टाकी कोरडी पाहिजे. उखाने त्या सकाळी सुटी मागितली होती. म्हणाला, साहेब, पोरीला पहिलं तीर्थ मिळणार आहे, बघायला जातो. मी म्हटले, आज कुणालाच सुटी नाही. चाक फिरव असे मी म्हणालो, मावशी. कानबाई आहे, बायका पाण्यात असतील, हे त्याने तोंडाने सांगूनही माझ्या डोक्यात शिरले नाही. मी घड्याळ बघत होतो.

तेव्हापासून घरात पिवळे काही आणू देत नाही. वरणात हळद नको म्हणतो, तर आई विचारते, कुणाचे सुतक पाळतोस? रोज सकाळी आई ती बाटली माझ्या कपाळाला लावते. मी डोळे मिटतो तेव्हा मिरवणुकीचा डफ वाजतो. दिवसाढवळ्या, केबिनमध्ये. उखा माझ्यासमोरून जातो आणि नमस्कार करतो.

पण मी मार्ग काढला आहे, म्हणून लिहितो. यंदा उधना, पांडेसरा, चलथाण इथून बायका येणार आहेत. शेठ म्हणाले, "आ वर्षे पण पीळुं पाणी आववुं ज जोईए," आणि पिवळा रंग काढून ठेवायला सांगितला. मी हातापाया पडलो. म्हटले, रंग नको, हळद टाकू. शेवटी मानले. सांगलीहून हळदीची पोती मागवली आहेत. टाकी धुऊन घेऊ, शुद्ध पाण्यात हळद कालवू, आणि देवी पाण्यात उतरली की सोडू. कुणाच्या केसालाही धक्का नाही. यमुनेने लोटाभर प्यायले तरी चालेल. आईच्या बाटलीवर करून पाहिले आहे, आठ महिने झाले, ती ठणठणीत आहे. लोकांची श्रद्धा राहील आणि कुणी मरणार नाही. तुम्हाला बरे वाटेल असे वाटले.

*

बमरोली
२२ जुलै १९७४

धुडकू,

तुझं पत्र जाळलं नाही. शोभाबाईला वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "सही कोठे शे?" खरंच, खाली सही नाही. विसरलास असं मी समजते. मग ती म्हणाली, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या, तुम्ही कुणाच्याही नावाने काहीही लिहाल. उखा भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने यमुनेला उचललं आणि बाहेर गेला. तो बोलणार नाही. नोकरी जाईल म्हणून नव्हे. बोलला तर शोभाबाईला तिच्या मुलीचा बाप उरणार नाही, आणि देवीही उरणार नाही. एकाच दिवशी दोन्ही काढून घ्यायची ताकद त्या माणसात नाही.

आता तुझ्या मार्गाबद्दल. तू बी.एस्सी. आहेस ना? तुझी हळद टाकीत शुद्ध आहे. टाकीतून ती कुठे जाते? त्याच नळातून त्याच खाडीत. तुमची मिल रोज थोडी थोडी भरतीला सोडते, तुझेच शब्द. खाडीच्या वरच्या अंगाला आणखी दोन मिल आहेत, त्या काय सोडतात ते त्यांच्या मॅनेजरांच्या मावश्यांना विचार. ते सगळं तळाच्या गाळात बसलेलं आहे. शेकडो बायका त्या गाळात पाय रोवून उभ्या राहतील, तो ढवळतील, आणि वरून लोटे बुडवतील. आईच्या बाटलीत तू नळाचं पाणी भरलं होतंस. खाडीत कोणाचं पाणी भरणार आहेस? तुझ्या हळदीने एवढंच होईल की पाणी खरोखर कसलं आहे ते कुणाला दिसणार नाही. काळं पाणी बाई लेकराला पाजणार नाही. पिवळं पाजेल. विष एकदा चुकून गेलं होतं, यंदा तू त्याला आमंत्रण लिहून देतो आहेस.

आणि समज, यंदा कुणाला काही झालं नाही. मग पुढच्या वर्षी? देवी दर श्रावणात येते. पोती तू आयुष्यभर मागवशील? तुझी बदली झाली की नंतरचा मॅनेजर हळदीचा भाव बघेल आणि रंगाकडे वळेल.

काल दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले होते. शोभाबाईने यमुनेला पिवळं परकर-पोलकं शिवलं आहे. पोर पाटावर उभी होती, हातात लोटा. आई तिला शिकवत होती. प्यायचं, थांबायचं नाही, श्वास घ्यायचा नाही. ताई थांबली नव्हती. लोटा तिच्या तोंडापेक्षा मोठा आहे. निम्मं पाणी गळ्यावरून खाली गेलं, तिला ठसका लागला, आणि शोभाबाईने पुन्हा भरला. पोर मला म्हणाली, "मावशी, मन्ही ताई पानीमा कोठे बठेल शे?" ताई पाण्यात कुठे बसली आहे. घरी परत येताना मी खाडीकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं. भर उन्हात, ओट्याच्या पायऱ्यांशी पाण्यावर पिवळा तवंग होता आणि तो जागचा हलत नव्हता. वारा होता, धुडकू. बाकी सगळं पाणी हलत होतं.

मी २९ला, सोमवारी, तिथे जाईनच. पोरीच्या हातातला लोटा हिसकावीन. पण मी बासष्ट वर्षांची बाई आहे आणि ती मिरवणूक आहे. देव सोडलेल्या बाईने देवीच्या तीर्थाला हात लावला, तर मला बाजूला ओढून धरायला चार हात पुरेत, आणि लोटा तिला दुसरी कुणीतरी देईल. पाजणाऱ्या बायकांत सगळ्यात पुढे तुझी आई असेल. मिरवणूक तिच्या शब्दावर उठते आणि तिच्याच शब्दावर थांबेल. ती माझं ऐकणार नाही. या जगात ती एकाच माणसाचं ऐकते आणि त्या माणसाने आजवर तिला बाटलीतलं खोटं पाजलं आहे.

तोंडाने सांगायची तुझ्यात हिंमत नाही, हे मी ओळखून आहे. म्हणून लेखी मागते. अर्धं पान पुरे. त्यात एवढं असावं: ६ ऑगस्टला पाण्यात काय होतं, ते सोडायला कोणी सांगितलं, आणि यंदा पिवळं पाणी आलं तर ती देवीची हळद नसून मिलची पोती आहेत. माती, पाऊस, पुरण यांचा उल्लेख नको. "म्हणत नाही" नको. अहिराणीत लिही, म्हणजे वाचताना मला भाषांतर करावं लागणार नाही आणि कुणाला मी शब्द बदलले असं वाटणार नाही. खाली पूर्ण सही. वाचणार मी, ओट्यावर, तुझ्या आईच्या आणि शोभाबाईच्या समोर, आणि तू माझ्या शेजारी उभा राहून मान हलवशील.

नोकरी जाईल. जाईलच. उखाचीही कदाचित जाईल आणि त्याच्यासाठी मी दुसरीकडे शब्द टाकीन, तुझ्यासाठी टाकणार नाही.

रविवारी, २८ तारखेला, देवी बसते. ती एकदा पाटावर बसली की बस्तीत कुणी कुणाचं ऐकत नाही. तेव्हा शनिवार, २७ जुलै, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुझं सहीचं, लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. मी दारात खुर्ची टाकून बसलेली असेन.

प्रभावती